हवा गार झाली आणि मासे मेले: मेनिंडीचं प्रकरण (2018-19)

जानेवारी 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक व्हिडिओ जगभर फिरला. डार्लिंग नदीत उभे असलेले दोन स्थानिक रहिवासी, दोघांच्या हातांत ‘मरे कॉड’ जातीचे मेलेले मासे, आणि ते एवढे मोठे की दोन्ही हातांनी धरूनही पेलवेनात. भोवतीचं पाणी हिरवं आणि त्यावर मेलेल्या माशांचा खच. पाहणाऱ्या बहुतेकांनी त्याचा सरळ अर्थ लावला: उन्हाळा कडक होता, पाणी तापलं, मासे उष्णतेने मेले.

पण तारखा आणि हवामान शेजारी ठेवून पाहिलं की हा अर्थ टिकत नाही. उष्णतेची लाट चालू होती तेव्हा मासे कसेबसे तगून होते. लाट मोडली, वारा सुटला, हवा गार झाली, आणि तेव्हा ते मेले. असं सहा-सात आठवड्यांत तीनदा झालं. तापमान, माशाचं चयापचय आणि पाण्यातला ऑक्सिजन यांचं नातं समजून घ्यायला याच्याइतकं बोलकं प्रकरण मला दुसरं माहीत नाही. म्हणून ते इथे जरा सविस्तर मांडतो.

जागा आणि घटना

मेनिंडी हे न्यू साउथ वेल्स राज्याच्या पार पश्चिमेकडचं छोटं गाव, ब्रोकन हिलपासून साधारण 110 किलोमीटरवर. इथून डार्लिंग दक्षिणेकडे वाहत जाऊन मरे नदीला मिळते. बार्किंजी हे इथले मूळ लोक. ते नदीला बाका म्हणतात. गावालगत उथळ तळ्यांची साखळी आहे. पूर आला की तळी भरायची, नदी उतरली की पाणी परत नदीत यायचं. 1960 च्या दशकात बंधारे आणि दरवाजे घालून या तळ्यांचे साठवण तलाव केले. पूर्ण भरले तर त्यांत सुमारे 1,731 अब्ज लिटर पाणी मावतं. आपल्या हिशेबात 61 टीएमसी, म्हणजे उजनीच्या एकूण साठ्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. गावाच्या खालच्या अंगाला ‘वेअर 32’ नावाचा बंधारा आहे. या बंधाऱ्याने अडवलेल्या नदीच्या लांबलचक पट्ट्यात हे सगळं घडलं.

पहिल्यांदा मासे मेले ते डिसेंबर 2018 च्या मध्यावर, हजारोंनी. दुसऱ्यांदा 6 जानेवारी 2019 च्या सुमारास, तेव्हा आकडा लाखांत गेला. तिसऱ्यांदा 28 जानेवारीला. मेलेल्यांत बोनी हेरिंग सर्वांत जास्त, त्याखेरीज गोल्डन पर्च, सिल्व्हर पर्च आणि मरे कॉड. मरे कॉड हा ऑस्ट्रेलियाचा सर्वांत मोठा गोड्या पाण्यातला मासा, शंभर किलोच्या वर वाढलेला नोंदला गेला आहे. तो वाढतोही हळू. मीटरभर लांबीचा कॉड एकदा गेला की त्याच्या जागी तेवढाच दुसरा यायला दहा-वीस वर्षं लागतात. हे शंभर वर्षांचे मासे होते अशी बातमी तेव्हा पसरली होती, ती अतिशयोक्ती होती. पण यांतले काही मासे कित्येक दशकांचे होते, आणि त्यांनी याआधीचे अनेक दुष्काळ पाहिले होते. जो मासा आधीच्या दुष्काळांत जगला तो याच वेळी का मेला, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

तिसऱ्या वेळी तर राज्याच्या मत्स्य विभागाने आधीच इशारा दिला होता: हवा बदलणार आहे, आणखी मासे मरू शकतात. म्हणजे कारण काय हे तोवर कळलेलं होतं. हाती उपाय मात्र नव्हता.

माशाच्या शरीरात काय चाललं होतं

मासा शीतरक्ती आहे. पाण्याचं जे तापमान तेच त्याच्या शरीराचं. पाणी तापलं की त्याच्या पेशींतल्या रासायनिक क्रिया वेग घेतात, मग त्याची इच्छा असो वा नसो. सर्वसाधारण नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की चयापचयाचा वेग दोन ते तीन पट होतो. मासा काही आठवड्यांत उष्णतेला थोडाफार सरावतो आणि हा वाढीव खर्च थोडा आवरतो, पण त्याला मर्यादा आहे. 20 अंशांच्या पाण्यात निवांत पडून राहिलेल्या माशाला जेवढा ऑक्सिजन लागतो त्याच्या किमान दुप्पट 30 अंशांच्या पाण्यात लागतो, तोही काही न करता, जागच्या जागी कल्ले हलवत राहायला.

आता दुसरी बाजू. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात 10 अंशांना लिटरमागे साधारण 11.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 20 अंशांना 9.1, 30 अंशांना 7.6. म्हणजे 20 वरून 30 अंशांवर जाताना जमा सहाव्या हिश्श्याने घटते आणि खर्च दुप्पट होतो. हा जमाखर्च जुळवायला माशाला कल्ल्यांवरून जवळपास अडीचपट पाणी फिरवावं लागतं. आणि पाणी फिरवणं फुकट नाही. पाणी हवेच्या आठशे पट घन असतं. तेच तोंडाने आत घेऊन कल्ल्यांमधून ढकलायला स्नायू लागतात, आणि स्नायूंनाही ऑक्सिजन लागतो. त्यात रक्त तापलं की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकडही सैल होते. पेशींना तो सोडायला हे बरं, पण मुळातच ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातून तो उचलायला वाईट.

टोरंटो विद्यापीठाचे फ्रेड फ्राय यांनी 1947 मध्ये ही गोष्ट फार नेमकी मांडली. माशाचा किमान गरजेचा ऑक्सिजन एका बाजूला आणि पूर्ण ताकद लावून तो जास्तीत जास्त जेवढा घेऊ शकतो तो दुसऱ्या बाजूला. पोहणं, शिकार, पचन, वाढ, अंडी, रोगाशी झगडा, सगळं या दोहोंमधल्या फरकात बसवावं लागतं. तापमान वाढत जातं तशी किमान गरज चढतच राहते, कमाल मात्र एका टप्प्यानंतर चढायची थांबते. अंतर आक्रसत जातं. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला तर वरची रेघ, म्हणजे ही कमाल, आणखी खाली येते. दोन्ही रेघा भेटल्या की मासा जगायलाही कमी पडतो, मग तो कितीही धट्टाकट्टा असो.

मेनिंडीत डिसेंबर-जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. जानेवारी 2019 हा ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतला तोवरचा सर्वांत उष्ण महिना. देशभराचं सरासरी तापमान पहिल्यांदाच 30 अंशांच्या वर गेलं. मेनिंडीच्या पट्ट्यात हवा 45 अंशांपलीकडे जात होती. या पट्ट्यातल्या कॉडला स्वतःसाठी शिल्लक जवळजवळ काहीच उरली नव्हती. तरीही तो जिवंत होता, आणि ते शक्य झालं वरच्या थरामुळे.

थर

पाण्याची घनता तापमानाबरोबर बदलते हे सगळे शाळेत शिकतो. पण तो बदल सगळीकडे सारखा नसतो, आणि उष्ण प्रदेशात काम करणाऱ्या माणसाने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी असं मला वाटतं. 4 अंशांचं पाणी आणि 5 अंशांचं पाणी यांच्या घनतेत नगण्य फरक असतो. 29 आणि 30 अंशांमधला फरक त्याच्या तीसपटींहून जास्त आहे. म्हणजे थंड सरोवरात थर वेगळे पडायला कित्येक अंशांचा फरक लागतो, तर तापलेल्या पाण्यात एक-दोन अंशांचा फरकही वरचं पाणी वर आणि खालचं खाली धरून ठेवायला पुरतो. त्यासाठी सरोवर खोल असायला हवं असंही नाही. काही मीटर खोलीच्या, न वाहणाऱ्या बंधाऱ्यात हे सहज होतं.

वेअर 32 च्या वर तेच झालं होतं. नदी वाहत नव्हती. दिवसभर ऊन वरच्या थराला तापवत होतं. शिवाय पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियांचा, इतका दाट फुलोरा होता की तो ऊन वरच्यावरच शोषून घेत होता; त्यामुळे वरचं पाणी आणखी तापे आणि खाली उजेडही पोचेना. खाली उजेड नाही म्हणजे प्रकाशसंश्लेषण नाही. वरचं पाणी खाली येत नाही म्हणजे हवेतून ऑक्सिजन मिळण्याची वाटही बंद. मेलेलं शेवाळ, विष्ठा, पाचोळा मात्र वरून पडतच होतं, आणि ते कुजवणारे जिवाणूही गरम पाण्यात दुपटीने भुकेले. तळाचा ऑक्सिजन त्यांनी संपवून टाकला. एकदा ऑक्सिजन संपला की कुजणं थांबत नाही, फक्त वेगळ्या जिवाणूंच्या हाती जातं, आणि हायड्रोजन सल्फाइड, विरघळलेलं लोह अशी द्रव्यं साचत जातात. ऑक्सिजन भेटताच तो गिळून टाकणारी ही द्रव्यं.

सगळे मासे त्यामुळे वरच्या थरात कोंडले गेले. तिथे ऑक्सिजन होता, दुपारी तर शेवाळामुळे भरपूर. अशा फुलोऱ्याच्या पाण्यात दुपारी तीनला ऑक्सिजन मोजायचा मीटर बुडवला तर तो त्या तापमानाला एरवी मावतो त्याच्याही वरचा आकडा दाखवतो आणि पाहणारा निर्धास्त होतो. तेच शेवाळ रात्री ऑक्सिजन घेतं. पहाटे, उजाडायच्या जरा आधी, सर्वांत वाईट वेळ. ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक माशांसाठी लिटरमागे 4 मिलिग्रॅमच्या खाली ताण सुरू होतो आणि 2 च्या खाली मरण, असा तिथला ढोबळ निकष आहे. मासे रोज पहाटे या आकड्यांकडे सरकत होते आणि रोज दुपारी मागे येत होते.

मग हवा बदलली. दक्षिणेकडून गार वारा आला. वरचं पाणी रात्रीतून निवलं, त्याची घनता खालच्या पाण्याच्या जवळ आली, आणि थर धरून ठेवणारा फरकच नाहीसा झाला. वाऱ्याने बाकीचं केलं. सगळं पाणी उलटलं.

हिशेब करून पाहा. समजा वरच्या निम्म्या पाण्यात 6 मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे आणि खालच्या निम्म्यात शून्य. नुसतं मिसळलं तरी सगळीकडे 3 उरतात. पण खालून आलेली द्रव्यं त्यातला बराचसा तत्काळ खातात. ढग असतील तर दुसऱ्या दिवशी शेवाळ नेहमीइतका ऑक्सिजन तयार करत नाही, आणि ढवळलेल्या पाण्यात ते मरू लागलं तर कुजण्याचा खर्च आणखी वाढतो. आकडा 2 च्या खाली जायला काही तास पुरतात. आणि पाणी? ते थोडंफारच गार झालेलं असतं. माशाची गरज अजून उन्हाळ्यातलीच असते. जमा एका रात्रीत कोसळते, खर्च उतरायला वेळ लागतो. आधीच्या दिवसांत निदान वरचा थर होता, आता पळायला वर नाही, खाली नाही, आणि दोन्ही बाजूंना बंधारे.

अशा वेळी मोठे मासे आधी जातात हे आपल्याकडच्या तलावांतही दिसतं. वजनाच्या दर ग्रॅमला मोठ्या माशाची गरज लहान माशापेक्षा कमी असते हे खरं, पण एकूण गरज मोठी असते, आणि पृष्ठभागालगतच्या पातळ, हवेला लागून असलेल्या थरातून ओठांनी पाणी ओढून लहान मासा जसा वेळ काढतो तसा मोठ्याला निभावत नाही. बोनी हेरिंग सर्वांत जास्त मेले त्याचं कारण वेगळं. तो उष्णता चांगली सोसतो, पण ऑक्सिजन घटला की आधी तोच मरतो.

पाणी का थांबलं होतं

इथवरचा भाग भौतिकशास्त्राचा आणि शरीरशास्त्राचा. त्यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो याच्या आधीच्या दोन वर्षांवर.

2016 च्या शेवटी पूर आला, तलाव भरले, माशांनी जोरदार वीण घातली. गोल्डन पर्चची पिल्लं तर या उथळ तलावांतच वाढतात. 2017 मध्ये खालच्या भागासाठी तलावांतून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडलं गेलं. साठा 480 अब्ज लिटरच्या खाली गेला की तलावांचा ताबा मरे-डार्लिंग खोरे प्राधिकरणाकडून राज्याकडे येतो असा करार आहे. तो टप्पा आला तेव्हा पुरवून वापरायला फारसं उरलं नव्हतं. त्यानंतर उत्तरेकडच्या खोऱ्यात पाऊस पडला नाही आणि वरून येणारं पाणी जवळजवळ बंद झालं. पाणी ओसरत गेलं तसे पुराच्या वर्षी वाढलेले मासे नदीच्या बंधाऱ्यांमागच्या डोहांत गोळा झाले. थोडं पाणी, त्यात खूप मासे, आणि प्रवाह नाही.

फेब्रुवारी 2019 मध्ये ऑस्ट्रेलियन अकॅडमी ऑफ सायन्सच्या समितीने अहवाल दिला. दुष्काळ हे कारण आहेच, पण वरच्या भागात सिंचनासाठी इतकं पाणी उचललं गेलं आहे की कोरड्या काळात नदीला तग धरायला पुरेसं उरतच नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. केंद्र सरकारने जलशास्त्रज्ञ रॉब व्हर्टेसी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने शेवटचा धक्का कसा बसला, म्हणजे थर पडणं आणि उलटणं, याची तपशीलवार उकल केली आणि तलावांचं संचालन, प्रवाह आणि हवामान यांना एकत्र जबाबदार धरलं. दोन्ही अहवालांचा रोख वेगळा आहे. मला पहिल्याचं म्हणणं जास्त पटतं, आणि कारण साधं आहे: वाहत्या पाण्यात थर टिकत नाही. थोडाही सलग प्रवाह असता तर तळ आणि पृष्ठभाग मिसळत राहिले असते, शेवाळाला इतकं स्थिर पाणी मिळालं नसतं, आणि त्याच 45 अंशांच्या उन्हात त्याच माशांपाशी थोडी शिल्लक राहिली असती. उष्णतेची लाट कुणाच्या हातात नव्हती, प्रवाह होता.

दुसऱ्या घटनेनंतर सरकारने नदीत काही एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं, बसवले. त्यांच्या भोवती थोडं पाणी श्वास घेण्याजोगं राहिलं, मासे तिथे जमले, एवढाच त्यांचा उपयोग. कित्येक किलोमीटर लांबीच्या डोहाला यंत्रांनी ऑक्सिजन पुरवता येत नाही, आणि पुरवठा करणाऱ्यांनीही तसा दावा केला नाही. पुढे त्याच वर्षी काही मासे पकडून दुसरीकडे सुरक्षित पाण्यात हलवले गेले.

मार्च 2023 मध्ये मेनिंडीत पुन्हा मासे मेले, आणि या वेळी आकडा 2 ते 3 कोटी असा काढला गेला, बहुतेक बोनी हेरिंग. तेव्हा दुष्काळ नव्हता. उलट मोठा पूर नुकताच ओसरला होता. पुराने काठावरचा पाचोळा नदीत आणला, तो गरम हवेत कुजला, पुरात भरमसाट वाढलेले मासे ओसरत्या पाण्याबरोबर पुन्हा त्याच डोहात आले. पाणी भरपूर असूनही ऑक्सिजन पुरला नाही. राज्याच्या मुख्य शास्त्रज्ञांच्या कार्यालयाने केलेल्या तपासातही कमी ऑक्सिजन हेच थेट कारण निघालं. नुसता पाण्याचा साठा मोजून माशांचं भवितव्य कळत नाही हे सांगायला मला 2023 चं उदाहरण 2019 इतकंच महत्त्वाचं वाटतं.

आपल्या शेततळ्यासाठी

मेनिंडीचा गार वारा आपल्याकडे वळवाच्या रूपात येतो. एप्रिल-मे मध्ये विदर्भात, मराठवाड्यात पारा 42-45 वर असतो, शेततळ्याचं पाणी खाली गेलेलं असतं, वरून हिरवट झालेलं असतं, आणि एका संध्याकाळी वावटळ उठून गारपिटीसह पाऊस पडतो. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे कटला आणि रोहू पृष्ठभागावर येऊन तोंड मारताना दिसतात, किंवा काठाला लागलेले. पावसातून काही विषारी उतरलं, कुणी औषध टाकलं असे संशय मग घेतले जातात. शेजाऱ्याशी भांडण काढण्याआधी तळाच्या पाण्याचा वास घ्यावा. सडक्या अंड्यासारखा असेल तर पाणी उलटलं आहे.

डीओ मीटर, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा मीटर, असेल तर तो पहाटे पाचच्या सुमारास आणि तळाजवळ बुडवावा, दुपारच्या वरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. वळवाचा अंदाज असेल त्या दिवशी पेंड-कोंडा घालू नये. खाल्लेलं पचवायला माशाचा ऑक्सिजनचा खर्च काही तास बराच वाढतो, जातीप्रमाणे अगदी दुपटीपर्यंत, आणि न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं. दोन-तीन दिवस उपाशी राहून मोठ्या माशाला काही होत नाही. उन्हाळ्यात मासे खूप दाट असतील तर मोठे आधीच काढून विकावेत, कारण उरलेल्यांच्या वाट्याला येणारा ऑक्सिजन त्यानेच सर्वांत जास्त वाढतो.

एरेटरबद्दल एक सूचना, कारण इथे चांगल्या हेतूने नुकसान होतं. उन्हाळा सुरू होतानाच तो रोज रात्री चालवायला घेतला तर थर पडतच नाहीत आणि तळ सडत नाही. पण महिनाभर पाणी निश्चल ठेवून, तळ काळा पडल्यावर, मेच्या मध्यावर एकदम पूर्ण ताकदीने यंत्र चालू केलं तर वाऱ्याने जे मेनिंडीत केलं तेच यंत्र शेततळ्यात करतं. तोवर उशीर झालेला असेल तर यंत्र उथळ ठेवून, एका कोपऱ्यातून, आधी थोडा वेळ आणि मग रोज थोडा अधिक असं चालवावं. शक्य असेल तर विहिरीचं पाणी उंचावरून, फवाऱ्यासारखं पसरून सोडावं. विहिरीच्या पाण्यात स्वतःचा ऑक्सिजन बहुधा कमी असतो. हवेतून पडताना तो त्यात मिसळतो, नळी पाण्यात बुडवून सोडलं तर मिसळत नाही.